कोण कोणाशेजारी : ऑर्किड शोच्या एन्ट्री-वर्गीकरणाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

कमिटीची बैठक झाली. शो ८ आणि ९ फेब्रुवारीला. जानेवारीच्या शेवटी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तेव्हा टेम्पोवाले, मांडववाले आणि चांगले माळी यांच्यापैकी कुणीच हाताला लागत नाही, म्हणून त्यानंतरची तारीख. कामं वाटताना ‘एन्ट्री आणि वर्गीकरण’ माझ्या गळ्यात आलं. बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस आयता सापडल्यावर दुसरं काय होणार. मी म्हटलं, मला फुलातलं फार कळत नाही. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘फुलातलं कळणारे पुष्कळ आहेत हो, नोंदीतलं कळणारा कोणी नाही.’’

गेल्या वर्षी काय झालं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर हा खटाटोप कशासाठी ते मीच विसरेन. वर्ग तीनच होते: मोठी फुलं, लहान फुलं आणि इतर. मोठ्या फुलांत नर्सरीतून आठवड्यापूर्वी आणलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड पहिलं आलं, कुंडीवर किमतीचं स्टिकर तसंच. शेजारी टांगलेलं निळं व्हँडा दुसरं. ते एका ताईंनी नऊ वर्षं गच्चीत वाढवलेलं. परीक्षकांची चूक नव्हती. समोर जे ठेवलं त्यातलं निर्दोष फूल त्यांनी निवडलं. चूक ती दोन रोपं शेजारी ठेवणाऱ्यांची. ताई त्यानंतर एकाही मीटिंगला आल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याचं जेवण अंगावर असताना परदेशी ऑर्किड सोसायट्यांची शेड्यूल्स, म्हणजे शोच्या वर्गांच्या आणि नियमांच्या याद्या, वाचली. अमेरिकन ऑर्किड सोसायटी १९२१ सालची. तिच्याशी जोडलेल्या गावोगावच्या सोसायट्या असे शो वर्षानुवर्षं भरवतात, त्यामुळे त्यांच्या याद्या घासून-पुसून गुळगुळीत झालेल्या आहेत. एक गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. त्यांच्याकडे परीक्षण दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही एकाच हॉलमध्ये, एकाच दिवशी चालतं.

पहिलं रिबनचं. एका वर्गातली रोपं एकमेकांशी ताडून पहिलं, दुसरं, तिसरं. दुसरं अवॉर्डचं. तिथे शेजारी कोण आहे याला काही किंमत नाही. शंभरपैकी गुण देतात. ७५ ते ७९ पडले तर एचसीसी, ८० ते ८९ ला एएम आणि ९० किंवा त्याहून जास्त पडले तर एफसीसी. ही अक्षरं मग त्या रोपाच्या नावामागे कायमची चिकटतात, डॉक्टरांच्या पाटीवरच्या पदव्यांसारखी. अवॉर्डसाठी प्रशिक्षित परीक्षक लागतात आणि ते तयार व्हायला वर्षं जातात. ते आपलं काम नव्हे.

आपलं काम रिबनचं. म्हणजे सगळी मदार वर्गांवर.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिला मसुदा: ६४ वर्ग. फार खूश होतो. प्रोफेसर सरांकडे (वनस्पतिशास्त्र, निवृत्त) घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘तेवढी रोपं तरी येणार आहेत का?’’

घरी येऊन गेल्या वर्षीचे सगळ्यांच्या फोनमधले फोटो गोळा केले आणि मोजले. १३१ रोपं. डेंड्रोबियम ४८, फॅलेनॉप्सिस ३७, व्हँडा आणि त्याचे भाऊबंद १९, कॅटलिया ११, ऑन्सिडियम ७, स्लिपर ३, उरलेली ६. परदेशी यादीत सिम्बिडियमला आठ वर्ग आहेत, मी ते इमानाने उतरवून घेतले होते. पुण्यात मोठ्या फुलांचं सिम्बिडियम फुलवणारा मला अजून भेटायचा आहे. त्याला फुलोरा धरायला थंड रात्री लागतात, त्या कालिम्पाँग-गंगटोकला मिळतात. तिथल्या शेड्यूलमध्ये सिम्बिडियमने अर्धं पान खाल्लं तर ते बरोबरच. आपल्याकडे एक ओळ पुरे.

दुसऱ्याची यादी म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. ६४ वरून ३१ वर आलो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बहिणीकडून जेवून आल्यावर झोप आली नाही, म्हणून क्रमांकांचं काम केलं. १, २, ३ असे सलग क्रमांक द्यायचे नाहीत. शंभरी म्हणजे गट, दशक म्हणजे वर्ग: कॅटलिया १००, डेंड्रोबियम २००, फॅलेनॉप्सिस ३००, व्हँडा ४००, ऑन्सिडियम ५००, स्लिपर ६००, देशी ७००, बाकी सगळं ८००. पांढरं मोठं फॅलेनॉप्सिस ३२०. उद्या पांढऱ्यांची गर्दी झाली तर ३२१ आणि ३२२ करता येतील, पुढचं काही हलवायला नको. बँकेत खातेवहीत मध्येच पान चिकटवणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

१० नोव्हेंबर, रविवार

नावं. अख्खा दिवस गेला आणि अर्धंही झालं नाही.

ऑर्किडच्या नावाचे तीन तुकडे. आधी वंश. मग स्पीशीज (निसर्गातली मूळ जात) असेल तर तिचं लॅटिन नाव, हायब्रिड असेल तर त्या संकराचं नाव, ज्याला ग्रेक्स म्हणतात. शेवटी एकेरी अवतरणात त्या विशिष्ट रोपाचं लाडकं नाव. ग्रेक्स म्हणजे एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचं मिळून एकच नाव. उदाहरणार्थ, व्हँडा सेरुलिया आणि व्हँडा सँडेरियाना यांचा संकर १९३१ साली व्हँडा रॉथशिल्डियाना म्हणून नोंदला गेला. आज बँकॉकमध्ये कोणी तीच जोडी पुन्हा लावली तरी होणारं प्रत्येक रोप रॉथशिल्डियानाच, आई कोण आणि बाप कोण याची उलटापालट केली तरी. ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. एक लाखाच्या पुष्कळ वर संकर आहेत त्यात. एका इन्स्पेक्टरचा जीव सुखावेल असं दप्तर.

पण याच दप्तरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वंशांची नावं भराभर बदलली. डीएनए तपासल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसलं की ब्राझीलचे लेलिया हे खरं तर कॅटलियाच्या घरातले. आधी त्यांना सोफ्रोनायटिसमध्ये टाकलं, मग सोफ्रोनायटिससकट सगळ्यांना कॅटलियात. डोरायटिस फॅलेनॉप्सिसमध्ये विरघळलं, त्यामुळे डोरिटिनॉप्सिस हे संकरित वंशनाम संपलं. अ‍ॅस्कोसेंट्रम व्हँडात गेलं आणि त्याबरोबर अ‍ॅस्कोसेंडाही. आपल्याकडे मात्र थायलंडहून आलेले टॅग जुनेच आहेत. लोकांच्या कुंड्यांत ‘बीएलसी’ लिहिलेल्या पट्ट्या खोचलेल्या असतात, म्हणजे ब्रासोलेलिओकॅटलिया. आज त्यातल्या बहुतेकांचं नाव ऱ्हिंकोलेलिओकॅटलिया आहे. कार्डावर हे मावत नाही, आणि तोंडात तर नाहीच नाही.

सरांना फोन केला. मी म्हटलं, नवी नावं सक्तीची करू. ते म्हणाले, ‘‘मग निम्मे लोक येणार नाहीत, आणि उरलेले निम्मे चुकीचं नाव लिहून आणतील.’’

रात्री अ‍ॅस्कोसेंडावर अडलो. पुस्तकाप्रमाणे ते आता व्हँडा. पण त्याचं फूल दोन इंचांच्या आत, तळहाताएवढ्या व्हँडाशेजारी ते टांगलं तर गेल्या वर्षीचाच प्रकार. म्हणजे पुस्तकाच्या मागे जाऊन मी पुन्हा अन्यायच करणार.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा घेताना सुटलं. नाव आणि वर्ग या दोन वेगळ्या नोंदी आहेत, मी त्या एकात घुसडत होतो. नाव नोंदवहीप्रमाणे, वर्ग फुलाप्रमाणे. व्हँडाचे वर्ग नावावर करायचेच नाहीत. ४१० स्पीशीज, ४२० मोठ्या फुलांचे हायब्रिड, ४३० लहान फुलांचे, ४४० पेन्सिलीसारख्या गोल पानांचे. अ‍ॅस्कोसेंडा ४३० ला जाईल, टॅगवर काहीही लिहिलेलं असो. कॅटलियाचंही तसंच: मोठी आणि झुपक्यातली लहान, मग रंग. टॅग मालकाचा, त्याला आपण हात लावायचा नाही. नवं नाव आपल्या रजिस्टरच्या शेजारच्या रकान्यात.

सरांना सांगितलं. ‘‘म्हणजे शो हा काही बॉटनीचा तास नाही एवढं कळलं तुम्हाला,’’ एवढंच म्हणाले. प्रोफेसरकडून हे ऐकायला मिळालं म्हणून लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

सभासदांची मीटिंग. विषय: बिननावाची रोपं. टेबलावर बशी आपटेपर्यंत वाद.

नर्सरीतल्या, भेट आलेल्या, टॅग हरवलेल्या रोपांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांना वर्ग ९०० द्यायचा यावर एकमत. एक दादा उभे राहून म्हणाले, ‘‘माझ्याला नाव नाही, पण नेटवर फोटो जुळवून काढलंय.’’ इथे मी अडलो. स्पीशीज फुलावरून ओळखता येते, पुस्तकातली लक्षणांची किल्ली घेऊन बसलं की जमतं. हायब्रिडचं तसं नाही. जांभळं फॅलेनॉप्सिस शेकडो संकरांतून सारखंच निघू शकतं. फोटोवरून ग्रेक्स ठरवणं म्हणजे चेहरा मिळतो म्हणून वारस लावण्यासारखं आहे. टॅग गेला की नाव गेलं.

ठराव: ९०० मध्ये बक्षिसं पूर्ण, पण ‘शोमधलं सर्वोत्तम हायब्रिड’ला ती रोपं पात्र नाहीत. ‘उत्तम जोपासना’ला पात्र, कारण ते बक्षीस वाढवणाऱ्याचं, नावाचं त्यात काही नाही. दादा नाराज. नवीन नियमही मंजूर: रोप शोच्या आधी किमान सहा महिने मालकाकडे असलं पाहिजे. हा मंजूर होताना कोणीच काही बोललं नाही, स्टिकरवाले गृहस्थसुद्धा नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

वर्ग ७००, सह्याद्रीतली देशी ऑर्किडं. सगळ्यांना हवा असलेला आणि मला सगळ्यात धास्ती वाटणारा वर्ग. त्याला मोठं बक्षीस ठेवलं तर जानेवारीत ताम्हिणीच्या झाडांवर काय चढाई होईल ते सांगायला नको. वनक्षेत्रातून परवानगीशिवाय रोप उचलणं गुन्हा आहे, पण ‘‘पडलेल्या फांदीवरचं आणलं’’ हे उत्तर प्रत्येकाच्या ओठावर तयार असतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. रस्ता रुंदीकरणात झाडं पडतात तेव्हा फांद्यांबरोबर ही रोपंही लाकडाच्या ट्रकमध्ये जातात.

कमिटीतल्या डॉक्टरांचं म्हणणं वर्गच नको. सरांचं म्हणणं उलट: देशी रोपं दिसलीच नाहीत तर लोकांना वाटत राहणार की ऑर्किड म्हणजे थायलंडहून येणारी वस्तू. शेवटी असं ठरलं: वर्ग राहील, रोख बक्षीस नाही, ट्रॉफी नाही, फक्त कार्ड. रोप किमान दोन वर्षं ताब्यात असावं, कुठून आलं ते सहीनिशी लिहून द्यावं, आणि मुळं आधारावर नीट घट्ट बसलेली असावीत. शेवटची अट सरांची. नुकतं ओरबाडलेलं रोप दोऱ्याने बांधलेलं असतं, मुळं मेलेली किंवा हवेत. दोन वर्षांचं रोप नारळाच्या सोडणाला चिकटून बसतं. कागद खोटं बोलतो, मुळं बोलत नाहीत.

स्लिपर गट ६०० साठी वेगळी टीप. भारतातले स्लिपर ऑर्किड, निळं व्हँडा (मूळ सेरुलिया, हायब्रिड नव्हे) आणि लाल रेनँथेरा ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत, आणि बऱ्याचशा स्लिपरवर आंतरराष्ट्रीय व्यापारातही सर्वांत कडक बंधन आहे. नर्सरीचं बिल नसेल तर एन्ट्री नाही.

२२ डिसेंबर, रविवार

कार्डाचा नमुना छापून आणला. पोस्टकार्डाएवढं, खाली दुमड. वर एन्ट्री क्रमांक, वर्ग, रोपाचं नाव, कधीपासून ताब्यात. मालकाचं नाव दुमडीच्या आत, ती स्टेपल करायची आणि परीक्षण संपल्यावरच उघडायची. तिसरा भाग फाडून मालकाच्या हातात, रोप परत नेताना तो दाखवायचा.

शाईची परीक्षा बागेत घेतली. पंपाने पाणी मारलं: जेल पेन वाहून गेलं, बॉलपेन फिकट, मार्कर ठीक. शिसपेन्सिल जशीच्या तशी. मग लक्षात आलं, जुन्या लोकांच्या कुंड्यांतले दहा-दहा वर्षांचे टॅग पेन्सिलीनेच लिहिलेले असतात. मार्कर पावसाला टिकतो पण उन्हात उडतो. दोन डझन पेन्सिली आणि चार शार्पनर, खर्च माझ्या नावावर.

५ जानेवारी २०२५, रविवार

आगाऊ नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू. फॉर्ममध्ये ‘रोपाचं नाव’ या रकान्यात आजवर आलेली उत्तरं: ‘जांभळं ऑर्किड’, ‘आईचं’, ‘सोनिया’ (बारा जणांकडून, डेंड्रोबियम सोनिया हारवाल्यांमुळे सगळ्यांना पाठ), ‘फोटो पाठवला आहे’, आणि एका ठिकाणी नुसतं ‘हो’.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन बिननाववाले दादा स्वतः आले. ९०० मध्ये चार एन्ट्र्या देऊन गेले.

१९ जानेवारी, रविवार

डॉक्टरांच्या गच्चीवर रंगीत तालीम. वीस कुंड्या, एक टेबल, घड्याळ. ८२ मिनिटं लागली, म्हणजे रोपामागे चार मिनिटं. १८० रोपं धरली तर बारा तास. दोन टेबलांवर सहा तास, आणि हॉल आपल्याला शुक्रवारी दोन ते सात मिळणार आहे.

वेळ लिहिण्यात जात नव्हता. लिहिणाराच वर्ग ठरवत होता आणि मालकाशी गप्पा मारत होता. तेव्हा कामाची फोड केली. पहिल्या टेबलावर फक्त कीड: पिठ्या ढेकूण, खवले कीड, गोगलगाय. कुंडी उचलून तळ पाहायचा, पानाची बगल पाहायची. दुसऱ्यावर सर, फक्त वर्ग सांगणार, लिहिणार नाहीत. मग लिहिणारी तीन टेबलं. आगाऊ नोंदणीवाल्यांची कार्डं आदल्या रात्रीच भरून ठेवायची. नेऊन ठेवणारी कॉलेजची मुलं वेगळी. मालकाने हॉलच्या आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर प्रत्येकाला आपली कुंडी दिव्याखाली हवी असते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रीचे साडेबारा वाजलेत. आज १८६ एन्ट्र्या झाल्या. लिहून मगच झोपतो.

दुपारी दोनला दार उघडायच्या आधी तीस माणसं रांगेत. रिक्षातून, स्कूटरच्या पायाजवळ, एक तर लहान मुलाच्या गाडीत बसवून आणलेलं. कीड-टेबलाने अकरा कुंड्या परत पाठवल्या, त्यातली एक सेक्रेटरींची. तिथे बसलेल्या मुलीला सेक्रेटरी कोण हे माहीत नव्हतं, फार बरं झालं.

एक बाई पिवळ्याधमक फुलाचं, लाल ओठाचं (ओठ म्हणजे ऑर्किडची एक वेगळी दिसणारी पाकळी) कॅटलिया घेऊन आल्या. टॅगवर ‘बीएलसी अल्मा की टिपमाली’. सरांनी फक्त ‘१३०’ म्हटलं. कार्डावर बाईंच्या टॅगचंच नाव गेलं, रजिस्टरला ऱ्हिंकोलेलिओकॅटलिया अल्मा की, आणि पुढचं रोप. चाळीस सेकंद. नोव्हेंबरातला तो अख्खा रविवार या चाळीस सेकंदांसाठी होता.

चारच्या सुमारास भोरकडच्या एक काकू आल्या. एसटीने, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळाचं अर्धं सोडण, त्यावर पानं झडलेल्या काड्या आणि काडीकाडीला फुलं. सोडणाच्या धाग्यांत मुळं अशी गुंतलेली की रोप उचललं तर सोडणही वर येत होतं. गोठ्यावर आंब्याची फांदी पडली होती, त्यावरचं. चौदा वर्षं झाली म्हणाल्या, धाकटीच्या लग्नाच्या साली. नाव? ‘‘नाव काय असायचंय त्याला? फूल म्हणतो आम्ही.’’

वर्ग ७१०, पण कार्डावर नाव हवं. मी डेंड्रोबियम बार्बेट्युलम लिहायला घेतलं, सह्याद्रीतलं पानं झडल्यावर फुलणारं पांढरं म्हणजे तेच, एवढं मलाही ठाऊक झालं होतं. सरांनी माझा हात धरला. खिशातून भिंग काढलं, एक फूल उलटं करून ओठ पाहिला आणि भिंग माझ्याकडे दिलं. दुरून पांढरं वाटणारं फूल जवळून सायीसारखं पिवळसर होतं. ओठाच्या बुडाशी हिरवट छटा. फूल नखाहून थोडंच मोठं. बार्बेट्युलमचं फूल याहून मोठं, शुभ्र, कधी गुलाबी झाक मारणारं, आणि नावातच बारीक दाढी आहे, ती ओठावरच्या केसांवरून आली. हे डेंड्रोबियम ओव्हेटम. रांग दाराबाहेर गेली होती, टेबल तीनवरची मुलगी माझ्याकडे डोळे वटारत होती, आणि सर काकूंना भिंगातून त्यांचंच फूल दाखवत होते. काकू म्हणाल्या, ‘‘अगं बाई, आत हिरवं आहे होय!’’ त्यांना ती चार मिनिटं देणं भागच होतं, तालमीचं गणित काही म्हणो.

साडेसहाला, दार बंद व्हायला अर्धा तास असताना, व्हँडावाल्या ताई. माझ्याशी बोलल्या नाहीत. तेच निळं व्हँडा, आता दहा वर्षांचं, दोन फुलोरे. सर म्हणाले ‘४२०’. ताईंनी विचारलं, ‘‘यात दुसरं काय काय आहे?’’ मी म्हटलं, सगळी मोठ्या फुलांची व्हँडाच. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि कार्डावर सही केली.

मग रात्रीचा हिशेब. टेबलांवरची कार्डं आणि रजिस्टर जुळतात का हे पाहायला मी बँकेतली जुनी युक्ती वापरली: सगळ्या वर्ग-क्रमांकांची बेरीज. तिला स्वतःचा अर्थ काही नाही, पण दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. रोपं १८६ ची १८६, बेरजेत फरक १८०. नवाने भाग जातो. बँकेत शिकवतात, फरकाला नवाने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोध. १८० साठी शतक आणि दशक यांच्यात दोनचा फरक हवा: १३० चं ३१०, किंवा २४० चं ४२०. दोन्हीकडचे वर्ग चाळत गेलो आणि १३० मध्ये, पिवळ्या कॅटलियांच्या रांगेत, जांभळ्या बारक्या फुलांची उंच दांडी घेऊन फॅलेनॉप्सिस पुल्केरिमा उभं. स्पीशीज, वर्ग ३१०. कार्डावर १३० कोणी लिहिलं? अक्षर माझंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठला परीक्षण. तिघांच्या दोन तुकड्या, प्रत्येकीबरोबर एक लेखनिक. लेखनिकाने फक्त लिहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बिननाववाल्या दादांना लेखनिक केलं होतं. तीन तास माणूस गप्प राहिला, हाही एक विक्रम.

३२० मध्ये पांढरी फॅलेनॉप्सिस एकोणीस झाली. परीक्षकांनी फोड मागितली: एक दांडी आणि अनेक दांड्या. ३२१, ३२२. दोन मिनिटांत कार्डं बदलली. भाऊबिजेची झोप वसूल. उलट ५३० मध्ये एकच ऑन्सिडियम होतं, आणि त्याला परीक्षकांनी पहिलं न देता दुसरं दिलं. एकटं आहे म्हणून पहिलं येत नसतं, हे शेड्यूलमध्ये लिहिलेलं होतं. मालक तरी भांडायला आला. त्याला ओळ दाखवली. ‘‘इतकं बारीक कोण वाचतं?’’ म्हणाला.

४२० मध्ये सात व्हँडा. ताईंचं पुन्हा दुसरं. पहिलं आलेलं रोप चिंचवडच्या एका मुलाचं, पंचविशीतला असेल. दुमडी उघडल्यावर ताई बराच वेळ त्या रोपासमोर उभ्या होत्या. मी लांबूनच पाहत होतो, जवळ जायची हिंमत झाली नाही. मग त्यांनी त्या मुलाला गाठलं. खत कोणतं, पाणी दिवसातून किती वेळा, मुळं भिजवतोस की फवारतोस, असं अर्धा तास चाललं. मुलगा घाबरून चाचरत उत्तरं देत होता.

९ फेब्रुवारी, रविवार

गर्दी. ‘‘हे बांडगूळच ना?’’ हा प्रश्न मला मोजून चौदा वेळा. बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड झाडावर नुसतं बसतं, हेही चौदा वेळा. सर्वांत जास्त फोटो काकूंच्या सोडणाचे निघाले. कार्ड पाठ करून एक शाळकरी मुलगी ‘ओव्हेटम, ओव्हेटम’ म्हणत हॉलभर फिरली.

पाचपासून परतावा. फाडलेला भाग दाखवल्याशिवाय कुंडी दाराबाहेर नाही. डॉक्टरांचा भाग हरवला होता, त्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या वेळेसाठी. ८०० फार ढोबळ झाला, त्यात सरांच्या तळहातावर मावेल असं मिनिएचर आणि पुरुषभर उंचीचं रोप एकत्र आलं. आकाराचा निदान एक तरी वर्ग हवा. कीड-टेबलाला उजेड कमी होता. ३१० आणि १३० सारखे जुळे क्रमांक एकाच शोमध्ये ठेवायचे नाहीत, त्यासाठी गटांची शंभरी बदलावी लागली तरी चालेल. लेखनिकांना पाण्याची बाटली. पेन्सिली चौदा परत आल्या, दहा गेल्या.

काकूंचा फोन आला. कार्ड सोडणालाच बांधलंय, पण पाणी मारल्यावर कागद मऊ पडलाय, काय करू. प्लॅस्टिकच्या डब्याची पट्टी कापून पेन्सिलीने लिहा म्हटलं. स्पेलिंग फोनवर अक्षर अक्षर सांगितलं, देवनागरीत.

१८६ पैकी १८५ रोपं परत गेली. एन्ट्री ८७, वर्ग ९००, जांभळं फॅलेनॉप्सिस, माझ्या गॅलरीत आहे. कार्डाच्या दुमडीत नाव आहे, दिलेला नंबर लागत नाही. तळाशी नवी दांडी डोकावतेय. तूर्त मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी.